पन्हाळा–विशाळगड वाटेवरील नेतृत्वाची पात्रता
जुलै 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज ज्या वाटेने पन्हाळ्याहून विशाळगडाकडे गेले, त्याच वाटेवर आज कोल्हापुरातील संस्था दर पावसाळ्यात पदभ्रमंती मोहिमा, म्हणजे गटाने पायी करावयाचे नियोजित प्रवास, आयोजित करतात. अशा मोहिमेच्या नेत्याची पात्रता कशाने ठरावी, हा प्रश्न त्यामुळे इतिहासप्रेमाइतकाच जबाबदारीचाही ठरतो.

उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत मूलभूत व प्रगत अभ्यासक्रमांनंतर प्रशिक्षण-पद्धतीचा, म्हणजे इतरांना शिकवण्याचा, अभ्यासक्रम असतो, आणि महाराष्ट्राच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानेही आयोजकांची नोंदणी व सुरक्षितता यांवर भर दिला आहे. तथापि हिमालयातील बर्फ व कडे यांसाठी रचलेल्या शिक्षणात पन्हाळा–विशाळगड वाटेवरील मसाई पठाराची परीक्षा क्वचितच येते. जांभ्या खडकाच्या या विस्तीर्ण, सपाट माथ्यावर धुके उतरले की दिशा दाखवणारी खूणच उरत नाही, आणि ओल्या वाऱ्यात थांबलेले शरीर चालत्या शरीरापेक्षा लवकर गारठते. म्हणून सर्वांत संथ माणसावरून गटाची गती ठरवणे, अनुभवी सोबत्याला पिछाडीला ठेवणे, प्रत्येक ओढा ओलांडल्यावर माणसे मोजणे आणि पाणी चढले असता उत्साही गटालाही माघारी फिरवणे, ही नेत्याची खरी कामे होत. त्यांसाठी लागणारा विवेक तीच वाट निरनिराळ्या ऋतूंत तुडवून, आणि वाटेवरच्या धनगरवाड्यांतील माणसांना ओढ्याचा अंदाज विचारण्यात कमीपणा न मानल्यानेच, हळूहळू घडतो.