लाळेचं घरटं

डिसेंबरात अंदमानात पाच वाजले की सूर्य गेलेला असतो. साऱ्या देशाचं घड्याळ मिर्झापूरच्या बाजूला, 82.5 अंश रेखांशावर लावलेलं आणि ही बेटं थेट 93 च्या आसपास. मुंबईपेक्षा सुमारे 80 मिनिटं आधी इथे सूर्य डोक्यावर येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे चहा आणि दिवेलागण एकाच वेळी. मला हे फार मानवलं. संध्याकाळ इतक्या लवकर आली की दिवसभरात काय केलंस, असं विचारायला कुणी उरत नाही.

उत्तरेला बाराटांगला जायचं तर मात्र पहाटेच्या अंधारात निघावं लागतं. वाटेत जारवा आदिवासींचं राखीव जंगल. गाड्यांचा ताफा एकत्र सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. नियम चांगले आहेत. पण आमच्या बसमधल्या झाडून साऱ्या माना खिडकीकडे वळलेल्या होत्या, आणि हा रस्ता इथून न्यायलाच नको होता असं मला वाटत राहिलं. मग खाडी लागते. बस, ट्रक, शाळेची पोरं, कोंबड्यांचे खुराडे असं सगळं एका सपाट बोटीवर चढतं आणि पलीकडच्या निलांबूर धक्क्याला उतरतं.

तिथे, प्रवाशांसाठी बांधलेल्या शेडमध्ये, छताच्या कैचीखाली पाकोळ्यांची घरटी होती. चिमणीहून लहान पक्षी, पाठ निळसर काळी आणि चकचकीत, पोट पांढरं. एका बाजूने आत शिरायच्या, पंख्याच्या पात्यांना जेमतेम चुकवायच्या आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. खाली लोक वडे खात होते, लाइफ जॅकेटच्या नाड्या आवळत होते. शेवाळ आणि काडीकचरा लाळेने चिकटवून केलेलं हे घरटं कुणालाच नको असतं, म्हणून ही पाकोळी माणसांच्या डोक्यावर सुखाने नांदते.

पुढे छोट्या बोटीतून कांदळवनात. कांदळाची कमानदार मुळं दोन्हीकडून इतकी जवळ येतात की सगळे आपसूक वाकतात. या खाऱ्या पाण्यात मगरी आहेत हे बोटवाल्याने वाटेत दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा अभिमानाने. उतरून चालत गेलं की चुनखडीची गुहा. वाटाड्याने टॉर्च मारून दाखवायला सुरुवात केली: ये गणपती, ये हाथी की सूँड, ये कमल. आमच्यातल्या सांगलीच्या काकूंनी गणपतीला हात जोडले. पाणी थेंबथेंब ठिबकून हजारो वर्षांत एक दगडी सुळका घडतो आणि आपण त्याला सोंड म्हणून मोकळे होतो, हे मला कधीच आवडत नाही. दगडाला दगड राहू द्यावं. माझं लक्ष तसंही वर, कोरड्या भिंतींकडे होतं.

कारण या बेटांवर दुसरी एक पाकोळी आहे, तपकिरी आणि अगदी सामान्य दिसणारी. ती गुहेत पार आत जाते, जिथे स्वतःचा हातही दिसत नाही. उडताना तोंडाने टकटक आवाज काढते आणि भिंतीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवर वाट काढते. वटवाघळाचा आवाज आपल्या कानाला लागत नाही, हिचा लागतो. ऐकणारे सांगतात की फणीच्या दातांवरून नख फिरवावं तसा येतो. फांदीवर बसणं तिला जमत नाही, पायांनी फक्त लटकता येतं. विणीच्या दिवसांत जिभेखालच्या ग्रंथी फुगतात आणि ती भिंतीवर लाळेचे धागे ओढू लागते, रात्रीमागून रात्री, महिनाभर किंवा त्याहून जास्त. बशीचा अर्धा तुकडा भिंतीला चिकटवल्यासारखं पांढरट घरटं तयार होतं. त्यात काडी नाही, पीस नाही, नुसती लाळ. या घरट्याचं सूप चिनी मेजवान्यांत मानाचं. चव अशी काही नसतेच म्हणे, खडीसाखर घालून पितात. पण किंमत जबर, आणि म्हणून बांबूच्या शिड्या लावून माणसं अंधारात चढत आली. कधी अंडी घालण्याआधीच घरटं उचललं, कधी पिल्लांसकट. पाकोळी पुन्हा लाळ गाळायची, घरटं पुन्हा जायचं.

रवी शंकरन यांनी हे नुकसान मोजलं. मूळचे तणमोर पक्ष्याचे अभ्यासक. कोइमतूरच्या सलीम अली केंद्रातून बेटांवर आले आणि एकेक गुहा धुंडाळत हिंडले. पाकोळ्या झपाट्याने संपत चालल्या होत्या. शंकरननी पहारा बसवला तो घरटी चोरणाऱ्यांचाच. कोणत्या भेगेत कोणतं घरटं, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार? उत्तर अंदमानात रामनगरजवळ ‘चालीस एक’ नावाच्या गुहा आहेत. तिथे ही माणसं विणीच्या हंगामात मुक्काम ठोकू लागली. पिल्लं उडून गेली की रिकामं घरटं काढायचं, असा बेत. दुसरा बेत तर मला गोष्टीतला वाटतो: माणसांच्या इमारतींत राहणाऱ्या त्या चकचकीत पाकोळीच्या घरट्यात हिची अंडी ठेवायची. दुसऱ्या आईने वाढवलेलं पिल्लू मोठं होऊन घरट्यासाठी गुहेऐवजी घराकडेच परतेल, हा हिशेब. 2009 च्या जानेवारीत शंकरन अचानक गेले, जेमतेम पंचेचाळिशीत.

परतीच्या बोटीवर काकूंनी विचारलं, “तुम्ही गुहेत सारखं वर काय बघत होतात हो?” मी पाकोळीचं सांगितलं. “लाळेचं? शी!” म्हणाल्या, मग जरा थांबून, “केवढ्याला जातं?”

अशीच एक लाळेची घरटी करणारी पाकोळी आपल्याकडेही आहे, हे मला फार उशिरा कळलं. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटं आहेत, त्यातल्या एका बेटावर दीपगृह. तिथल्या गुहेत ती वीण घालते. हिच्या घरट्यात काडीकचरा आणि पिसं मिसळलेली असतात, तरी तेही चोरून विकलं जायचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी तिथे पोचले, तेव्हा गुहेत चढण्यासाठी बांधलेले बांबू त्यांना सापडले. इतकं जवळ! मी वेंगुर्ल्याला कितीदा गेलोय, बांगडे खाल्लेत, सूर्यास्त पाहिलेत (सहानंतरचे, आपल्या घड्याळाचे).

यंदा बंदरावर जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, त्या बेटावर नेणार का. त्याने सुई थांबवली नाही.

“थंय कित्याक जातास? बत्ती आसा, दगड आसत आणि पाखरां.”

पाखरंच बघायची आहेत, म्हटलं.

“मगे आधी वारो बघूक व्हयो,” तो म्हणाला, “आणि डिझेलचे पैसे आधी.”