सड्यावरचं डबकं

मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की आमच्या रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, कातळातले खळगे भरतात. पाणी ढोपरभरही नसतं. थोड्याच दिवसांत त्यात डासांचे वळवळे, बेडूकमासे आणि काचेसारख्या इवल्या कोळंब्या दिसू लागतात. या कोळंब्यांची अंडी उन्हाळाभर तापल्या मातीत कोरडी पडून असतात! मासा मात्र नाही. दिवाळीच्या आत आटणाऱ्या पाण्यात तो टिकणार कसा? म्हणून इथलं राज्य उडत येणाऱ्यांचं. उताणे पोहणारे पाणढेकूण, पाणविंचू, पाणभुंगे आणि चतुर.

गेल्या जुलैत भाची आली होती. आम्ही सड्यावरच्या एका डबक्यातलं पाणी नि वीस-वीस बेडूकमासे घालून दोन टब पडवीत ठेवले. एकात नकळत चतुराची अळी आली, गाळाच्याच रंगाची. हनुवटीखाली तिचा ओठ कोपरासारखा दुमडलेला असतो. बेडूकमासा पेराभर अंतरावर आला नि तो ओठ सुटला. मला दिसली ती थेट तिच्या तोंडात वळवळणारी शेपटी.

“आत्या, काढ ना तिला!” पोर रडायलाच लागली.

मी अळी झाकण असलेल्या चहाच्या गाळणीत कोंडून त्याच टबात सोडली. भाचीला न सांगता दिवसाआड एक बेडूकमासाही तिला दिला. ते मनाला लागलं. बाकीच्यांना तिचा स्पर्शही होत नव्हता. तरी आठ दिवसांनी पाहते तर ते तळाशी निपचित, चरणंच विसरलेले. त्या टबाच्या भिंतींवर हिरवंगार शेवाळ चढलं होतं. दुसऱ्या टबात बेडूकमाशांनी ते खरवडून साफ केलं होतं. पाण्यात उतरलेल्या अळीच्या नुसत्या वासाने हे घडतं. शिकारी खातो थोड्यांना, पण कोण किती चरणार, शेवाळ किती वाढणार, हे सगळं तो ठरवतो. काही जातींच्या डासांच्या माद्या तर पाणढेकणांचा वास आला की तिथे अंडीच घालत नाहीत.

पावसाळी डबक्यांत वाढणाऱ्या एका जातीच्या चतुराला पाच-सहा आठवड्यांत पंख फुटतात. हे चतुर भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिका गाठतात, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं. आमच्या ढोपरभरही नसलेल्या पाण्यातून आफ्रिका! मला अजून हे सांगताना भरून येतं.

आणि या ऑगस्टमध्ये कुणीतरी डास मरावेत म्हणून त्याच डबक्यात गप्पी मासे सोडले. हेतू चांगलाच असेल. पण पाणी आटेपर्यंत ते कोळंब्या, बेडकांची अंडी, चतुरांची कोवळी पिल्लं, काही ठेवणार नाहीत. आणि डास खाणारे तर तिथे आधीपासून होतेच. काल भाचीबरोबर गाळणी घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत सत्तावीस गप्पी निघाले. आज पाऊस उघडला की पुन्हा जायचंय.