डिकीतलं तळं

पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडली आणि नाकात एकदम आंबूस, कुबट वास घुसला. बाहेर काही सांडलं नव्हतं. पण कार्पेटवर हात ठेवला तर बोटं गार. स्टेपनीच्या खड्ड्यात चक्क वीतभर पाणी! आणि त्या पाण्यात बूड टेकवून बसलेलं ज्वारीचं पोतं. खालची ज्वारी काळी पडलेली, मधल्या दाण्यांना मोड आलेले.

पुण्यात राहणाऱ्या आणि झोमॅटोवर जगणाऱ्या मुलीला पन्नास किलो ज्वारीचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण ती ज्वारी लिंबागणेशच्या मामांची होती. बीड जिल्ह्यातलं लिंबागणेश. पाऊस दगा देतो तिथली रब्बीची ज्वारी म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलीवर तग धरून आलेलं पीक. जूनमध्ये मी गावी गेले, तेव्हा मामांनी घरच्या साठ्यातलं पोतं स्वतः उचलून डिकीत ठेवलं होतं. ‘पॉलिशवाली खाऊ नको, ही खा,’ म्हणाले होते. आणि मी? आठवडाभर डेडलाइनच्या नादात पोतं वर आणायचंच विसरले. त्याच आठवड्यात पुण्यात पाऊस बदाबदा कोसळला.

गाडी बाबांची. जुनी सेडान, पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांचं रिन्युअल करून घेतलेली. मित्र म्हणतात, ‘स्क्रॅप कर गं, ईएमआयवर नवी घे!’ फ्रीलान्सरला ईएमआय? हसायचं काम नाही. शिवाय बाबा गेल्यावर त्यांच्या हाताचा स्पर्श राहिलेली एवढीच वस्तू माझ्याकडे आहे. तर मी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी डिकीचं रबर बदललं, मागच्या काचेच्या कडेला सिलिकॉन थापलं, बिल हातात दिलं. पुढच्या पावसात डिकीत पुन्हा तळं. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं सिलिकॉनवर आणखी सिलिकॉन थापलं. तिसऱ्यानं सल्ला दिला, ‘मॅडम, आता विकाच.’

सप्टेंबरमध्ये गणपतीच्या दिवसांत पुन्हा गावाला निघाले. शिक्रापूरवरून न्हावरा, श्रीगोंदा, जामखेड आणि पुढे पाटोदा. हा रस्ता पावसाळ्यात एकदा करून बघाच. जामखेड सोडल्यावर सौताड्याला धबधबा खोल दरीत उतरतो, बालाघाटचे डोंगर हिरवेगार झालेले असतात आणि उतारावर सीताफळाची झाडं दिसायला लागतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हे आपल्याला मॉलमध्ये सीताफळ रबडी खाताना कुठे माहीत असतं? सौताड्याजवळ पावसानं गाडीला अक्षरशः झोडपलं. एरवी मी फोटो काढत बसले असते. त्या दिवशी प्रत्येक वळणावर मागून ‘डुबुक, डुबुक’ ऐकत होते.

लिंबागणेशला आधी देवळात गेले. इथला गणपती भालचंद्र. चंद्रानं इथे तप केलं आणि गणपतीनं त्याला कपाळी धारण केलं, अशी कथा गावात सांगतात. वीकेंड रिसॉर्टची गर्दी नाही, सेल्फी पॉइंटची पाटी नाही. दगडी गारवा आणि दुर्वांचा वास. जाम शांत वाटलं. पण ती शांतता मामांच्या ओसरीवर पोहोचेपर्यंतच टिकली.

‘ज्वारी कशी निघाली गं?’ मामांचा पहिला प्रश्न.

‘मस्त, मामा. भाकरी एकदम मऊ होतात.’

सांगून टाकलं. खोटं. मामी चहा घेऊन आल्या, मी मान खाली घालून चहा पीत राहिले. आणि तेवढ्यात मामा म्हणाले, ‘यंदाही एक पोतं काढून ठेवलंय, चल, डिकी उघड.’

उघडली. पाणी होतंच. वासही होताच. मामांनी पाण्याकडे बघितलं, मग कार्पेटच्या कोपऱ्यात अडकलेल्या मोड आलेल्या दोन-चार दाण्यांकडे. मी सगळं सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत. बरं का, ओरडले असते तर परवडलं असतं. मग बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाले, ‘ओलीवर आलेली ज्वारी ओलीनंच गेली.’

आणि शर्टाच्या बाह्या वर करत म्हणाले, ‘पाणी दिसतंय तिथून येत नसतंय, बाई. काढ सगळं बाहेर.’

मामांना कारमधलं ओ की ठो कळत नाही. पण आयुष्यभर पाइपलाइन आणि ठिबकच्या नळ्यांतली गळती शोधण्यात गेलेलं. ज्या भागानं टँकरच्या रांगा बघितल्या, ज्याच्या शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथला माणूस थेंब कुठून सुटतो हे बरोबर ओळखतो. गॅरेजवाल्यांनी अंदाज बांधले होते. मामांनी परीक्षा घेतली.

आधी कार्पेट, स्टेपनी, आतलं अस्तर सगळं बाहेर. खड्ड्याच्या तळाशी एक रबरी बूच असतं, ते काढून पाणी सोडलं. फडक्यानं पुसून ऊन दाखवलं. मग रबराची तपासणी. वहीच्या कागदाची पट्टी मधे धरून डिकी बंद करायची आणि पट्टी ओढायची. सहज सुटली तर तिथे रबर ढिलं. आमची सगळीकडे घट्ट! म्हणजे रबराचा दोषच नव्हता, आणि मी त्याचेच पैसे मोजले होते.

मग मामीची तोंडाला लावायची पावडर आली. मामांनी ती डिकीच्या पत्र्यावर, कडेकपारींत भुरभुरली. पाणी जिथून वाहील तिथे पावडरीवर ओघळ उमटणार. मागच्या सीटची पाठ काढून ठेवली, म्हणजे मी आत अडकायची भीती नाही, आणि मी मोबाइलचा टॉर्च घेऊन डिकीत शिरले. झाकण बंद. बाहेर मामा, बादली आणि तांब्या.

इथे त्यांची खरी युक्ती. पाणी खालून वर ओतत जायचं. आधी बंपरची बाजू, मग दिवे, काच सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि चोर सापडत नाही. उजव्या दिव्यावर पाच तांबे ओतले. काही नाही. डाव्या दिव्यावर तिसऱ्या तांब्यालाच पावडरीवर एक बारीक काळपट रेघ उमटली. दिव्यामागून निघून ती पत्र्याच्या जोडावरून सरकत सरकत थेट खड्ड्यात.

‘मामा, सापडलं!’ मी आतून किंचाळले. शेजारची पोरं पोट धरून हसली.

दिव्याच्या आतल्या नटा सोडून दिवा बाहेर काढला. त्याच्या मागची फोमची गॅस्केट वयानं चपटी होऊन पापडासारखी तुटत होती. पत्र्याच्या कडेला गंजही धरलेला. दुसऱ्या दिवशी आम्ही बीडला गेलो. नवी गॅस्केट मिळाली नाही, पण दुकानदारानं काळी चिकट ब्युटाइलची टेप दिली. सिलिकॉन मागितलं तर त्यानंच सांगितलं की व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन उघड्या पत्र्याला लावू नका, त्यातल्या आम्लानं गंज वाढतो. घ्या! आणि मी दोनदा थापून घेतलं होतं.

परत येताना मामांनी गाडी सोलापूर रस्त्याला वळवायला लावली, खजाना विहीर दाखवायला. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळात सलाबतखानानं बांधलेली. जमिनीखालच्या भुयारी वाटांनी पाणी हिच्यात येतं आणि हिच्यातून पुढे शेतांकडे जातं. दुष्काळातही हिची पातळी फारशी हलत नाही म्हणतात. मामा काठावर उभं राहून म्हणाले, ‘बघ, वाट करून दिली की पाणी कामाला येतंय. न दिली की चोरी करतंय.’

घरी येऊन गंज सॅंडपेपरनं घासला, रेड ऑक्साइड मारला आणि तो रात्रभर वाळू दिला. सकाळी टेप चारी बाजूंनी सलग लावून दिवा बसवला. नटा चारीही थोड्या थोड्या, सारख्याच आवळल्या. एकदम पिळल्या तर प्लास्टिकला तडा जातो. खड्ड्यातलं बूच परत लावलं. पुन्हा पावडर, पुन्हा तांब्या. मी आत, श्वास रोखून. पावडर कोरडी ठणठणीत!

निघताना मामांनी नवं पोतं आणलं. मी म्हटलं, ‘मामा, राहू द्या. मागचं वाया घालवलं मी.’

‘म्हणून तर देतोय,’ ते म्हणाले. ‘या खेपेला खाऊन सांग. खरं सांग.’

सौताड्याजवळ पुन्हा पाऊस लागला. मी गाडी बाजूला घेतली, पाऊस ओसरायची वाट बघितली आणि डिकी उघडून पोत्याखाली हात घातला. कोरडं. लगेच मामांना फोन लावला.