सिगारेट सोडताना होणाऱ्या धडधडीविषयी

प्रिय मंदार,

परवा रात्री तू लिहिलंस, "ताई, ओढत होतो तेव्हा बरा होतो. सोडल्यापासून घाबरट झालोय." उलटतपासणी चालू असताना हात थरथरायला लागला म्हणून कागद टेबलावर ठेवून दिलेस आणि बाहेर पडल्यावर पाय आपोआप कोर्टामागच्या टपरीकडे वळले, हेही लिहिलंस. टपरीपर्यंत जाऊन न ओढता परत आलास ते मात्र अगदी शेवटी, जाता जाता. मला त्या सगळ्या मजकुरात तीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटली.

तुझं हे वाक्य माझ्यासमोर बसून इतक्या जणांनी म्हटलं आहे, की तुझा होकार घेऊन हे पत्र छापायला देते आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, पण तंबाखू मळून खाणारे, मिश्री लावणारे, गुटखा खाणारे मिळून २४.४ टक्के. निकोटीन सगळ्यांत तेच. सोडताना होणारी घालमेलही बरीचशी तीच. त्यांच्याही घरी हे वाचलं जावं.

आधी "ओढत होतो तेव्हा बरा होतो" याबद्दल. तुझा पूर्वीचा दिवस डोळ्यांपुढे आण. उठल्या उठल्या एक. अकराला बोर्ड सुरू व्हायच्या आधी एक. जेवणाच्या सुट्टीत दोन, पक्षकार गेल्यावर आणखी एक. धुरातलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. ते उतरताना अस्वस्थ वाटतं, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. त्यावर पुढची पेटवली की बरं वाटतं. ते बरं वाटणं खरंच होतं, तो तुझा भ्रम नव्हता. पण जी अस्वस्थता जायची, तिच्यातला मोठा वाटा आधीच्या सिगारेटनेच आणलेला असायचा. उलटतपासणीची धाकधूक वकिलाला असतेच. तिच्यात ही दुसरी अस्वस्थता मिसळायची आणि तुला दोन्ही एकच वाटायच्या.

जेमा टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यास एकत्र तपासले. सिगारेट सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण, न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झाला होता. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांतही तसंच दिसलं. मात्र ही मोजमापं निदान सहा आठवड्यांनंतरची होती आणि तुझा आत्ता कुठे दुसरा आठवडा चालू आहे. पहिले काही दिवस सगळ्यात वाईट असतात, दोन ते चार आठवड्यांत शरीराचा त्रास उतरतो. एवढ्या काळात तू आधीपेक्षा जास्त घाबरा असणार, हे मी तुला खोटा धीर देऊन लपवणार नाही.

त्यातला काही भाग चहाचा आहे, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफीनचा निचरा जास्त वेगाने करतं. सिगारेट थांबली की काही दिवसांतच तो वेग मंदावतो, आणि तेवढ्याच चहा-कॉफीत रक्तातलं कॅफीन जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. तू तर टपरीवर जायचं टाळण्यासाठी बाररूममध्ये चहा वाढवलास! हात थरथरणं, छाती धडधडणं, रात्री अडीचला टक्क जाग येणं, यात त्या चहाचा किती हात आहे ते आठवडाभर चहा निम्म्यावर आणून बघ. आणि हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी क्लोझापिन किंवा ओलान्झापिनसारखं औषध चालू असेल, तर सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. याच कारणाने त्यांचाही डोस बदलावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. बाबांना अटॅक आला तेव्हापासून तुझ्या छातीत धडधडलं की ती तुला नुसती धडधड वाटत नाही. "काहीतरी होतंय" हा विचार लगेच मागून येतो. भीती वाटली की धडधड वाढते, वाढलेल्या धडधडीने भीती आणखी वाढते. अस्वस्थता सगळ्यांनाच होते, पण काही जणांना अस्वस्थतेच्या खुणांचीच भीती बसते. स्टीव्हन रीस आणि रिचर्ड मॅकनॅली या मानसशास्त्रज्ञांनी १९८५च्या सुमारास ही गोष्ट वेगळी ओळखून मांडली आणि पुढे दिसत गेलं, की अशा माणसांना सिगारेट सोडणं इतरांपेक्षा जड जातं. कारण सरळ आहे. विथड्रॉवलमध्ये, म्हणजे निकोटीन सुटताना, शरीर नेमक्या त्याच खुणा दाखवतं ज्यांना ती माणसं घाबरतात.

तू धडधड वाढायला लागली की सिगारेट पेटवायचास. वाढत जाणारी भीती तिथेच तुटायची. पण त्यामुळे, पेटवली नसती तरी ती आपली आपण उतरली असती, हे बघायची संधी तुला वर्षानुवर्षं मिळाली नाही. हल्ली तू तेच दुसऱ्या मार्गांनी करतो आहेस. खिशात पल्स मोजायचं यंत्र, दर सुट्टीत वहिनीला फोन, गार पाण्याची बाटली सतत हातात. ईसीजी आणि टूडी-एको करून झालं, डॉक्टरांनी हृदय ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. ते आधी करून घेतलंस हे फार बरं केलंस, छातीचं दुखणं मनाचं म्हणून कुणी परस्पर सोडून देऊ नये. पण आता ते यंत्र घरी ठेव.

मी तुझी थेरपिस्ट होणार नाही. बहिणीने भावावर उपचार करू नयेत, हा आमच्या व्यवसायातला संकेत आहे आणि तो योग्य आहे. ज्या मॅडमचा नंबर दिलाय, त्या काय करून घेतील एवढं सांगते, म्हणजे गुरुवारच्या भेटीत तू दचकणार नाहीस.

त्या तुला ज्यूसच्या छोट्या खोक्याबरोबर येते तसली बारीक स्ट्रॉ घ्यायला लावतील आणि नाक चिमटीत धरून मिनिटभर फक्त तिच्यातून श्वास घ्यायला सांगतील. त्याआधी कागदावर लिहायचं : काय होईल असं वाटतं? तू बहुधा लिहिशील, "गुदमरून चक्कर येईल." मग घड्याळ सुरू. विसेक सेकंदांत स्ट्रॉ फेकून द्यावीशी वाटते. छाती जड होते, कान गरम होतात. त्या विचारतील, भीती शंभरपैकी किती? तू म्हणशील, ऐंशी. पुढे अर्धं मिनिट. स्ट्रॉ काढल्यावर लगेच पाणी प्यायचं नाही, नाडी बघायची नाही, नुसतं बसायचं आणि आकडा सांगत राहायचं. तो उतरत जातो. मग कागदावर लिहायचं की प्रत्यक्षात काय झालं. आणि पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या खेपेला शरीरात सगळं तसंच होतं, पण आकडा पहिल्याइतका वर जात नाही. कुणाला जागच्या जागी पळायला लावतात, कुणाला फिरत्या खुर्चीत गोल फिरवतात. ज्या खुणेची भीती, ती मुद्दाम आणायची. दमा, हृदयविकार, फिट्सचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नये, आणि पहिल्यांदा तर थेरपिस्टसमोरच.

मला ही पद्धत आवडते ती एवढ्यासाठी, की ती माणसाकडे शांत होण्याचा आग्रह धरत नाही. "टेन्शन घेऊ नकोस" हे तुला घरात, बाररूममध्ये सगळे सांगतात आणि त्याने टेन्शन गेल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. इथे धडधड असली तरी चालते. ती असताना तू काय करतोस एवढंच बदलायचं.

व्यायामाचंही म्हणून तेच. यास्पर स्मिट्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात, धडधडीला घाबरणाऱ्या अशाच सिगारेट ओढणाऱ्यांना पंधरा आठवडे घाम काढणारा व्यायाम दिला, बरोबर नेहमीची वर्तनोपचार पद्धत आणि निकोटीन पॅच होतेच. ज्यांच्यात ही भीती जास्त होती, त्यांना या व्यायामाचा सोडण्यासाठी विशेष उपयोग झाला. तू थिबा पॅलेसच्या चढावर धाप लागेल इतक्या वेगाने चाल. वजनासाठी म्हणून नव्हे. छाती जोरात धडधडते आणि काही होत नाही, हे अंगवळणी पडावं म्हणून.

तलफ आली की काय करायचं, हे तू विचारलंस. एक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं जोरात असते. वॉशिंग्टन विद्यापीठातले अॅलन मार्लट व्यसनमुक्तीच्या उपचारात तलफेला लाट म्हणत : अडवायची नाही, तिच्यावर तरंगायचं. तुला हे समजावून सांगायला नको. भाट्याच्या किनाऱ्यावर आपण पाय रोवून उभे राहायचो आणि तोंडात वाळू घेऊन पडायचो, तेव्हा काका ओरडायचे, अरे उचलू दे तिला, उचलून खाली ठेवेल. तलफ शरीरात नेमकी कुठे आहे ते बघ. तुला घशाशी येते की जबड्यात? वाढतेय की थांबलीय? हातातलं काम चालू ठेव, पण तिच्याशी वाद घालू नकोस.

डायरीच्या मागच्या पानांवर रोज नोंद करत राहा. कुठे होतास, कोण होतं, आधी काय घडलं, तलफ किती, किती मिनिटांत उतरली. चार ओळी पुरे. तुझ्या पहिल्या काही नोंदींवरूनच एक दिसतंय : केस हरल्यावर तलफ फारशी येत नाही, पुढची तारीख पडली की येते. म्हणजे धोका ताणात कमी आणि ताटकळण्यात जास्त आहे. त्या ताटकळण्याच्या वेळेसाठी आधीच काहीतरी ठरवून ठेवायला हवं. आणि कुणी पाकीट पुढे केलं तर उत्तर एकच, "नको, सोडली." कारण द्यायचं नाही. कारण दिलं की समोरचाही वकील, तो युक्तिवाद करणार. हे वाक्य गुरुवारी मोठ्याने म्हणून घे, सराव केलेलं वाक्य वेळेवर तोंडात येतं.

निकोटीनच्या च्युइंगगमला कमीपणा मानू नकोस. वर्तनोपचार आणि औषध एकत्र घेतले तर यश येण्याची शक्यता वाढते. फक्त ते साध्या च्युइंगगमसारखं सतत चघळायचं नाही. झिणझिण्या आल्या की गालाशी दाबून ठेवायचं, त्या ओसरल्या की पुन्हा थोडं चावायचं. नाहीतर उचकी आणि मळमळ. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी नको, शोषलं जात नाही. त्याने भागलं नाही तर व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑनबद्दल डॉक्टरांशी बोल. या औषधांनी मन बिघडतं अशी भीती पूर्वी होती. ती तपासायला आठ हजारांहून अधिक लोकांवर झालेला मोठा अभ्यास २०१६ साली लॅन्सेटमध्ये आला आणि त्यात तसा लक्षणीय धोका आढळला नाही.

वहिनीशी मी बोलले आहे. घरी आल्या आल्या शर्टाचा वास घेणं ती बंद करणार आहे. तिलाही काळजीने झोप लागत नाही, हे तू लक्षात ठेव. जेवणानंतर दोघांनी चालायला जायचं ठरवलंत ते चालू राहू दे.

एखाद्या दिवशी एक ओढलीसच, तर? मार्लटनी हे फार बारकाईने पाहिलं होतं. त्या एका सिगारेटपेक्षा तिच्यामागून येणारा "गेलं सगळं, आपल्यात दमच नाही" हा विचार पाकीट विकत घ्यायला लावतो. तेव्हा ओढलीस तर त्याच दिवशी नोंद कर, पाकीट जवळ असेल तर टाकून दे, आणि मॅडमना सांग. मला सांगितलं नाहीस तरी चालेल.

आपल्या गावात १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. "तिकडे जातोय" म्हटलं की लोक कसं बघतात ते आपण दोघांनी लहानपणापासून पाहिलंय. म्हणून तू व्हिडिओवरच्या भेटीला तयार झालास, ते ठीक आहे. पण सिगारेट सोडताना भीती वाटते म्हणून मदत घेणाऱ्या माणसाने मान खाली घालावी असं यात काही नाही. ज्यांना कुणाकडे जावं कळत नाही, त्यांच्यासाठी तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, तोच नंबर सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो. मन फार घाबरं झालं तर टेलि-मानस, १४४१६. दोन्ही फुकट.

सोमवारी तुझी ती उलटतपासणी पुन्हा आहे. हात थरथरला तर कागद टेबलावर ठेवू नकोस, हातातच धर आणि प्रश्न नेहमीच्या वेगाने विचार. साक्षीदार तुझ्या हाताकडे बघत नसतो, त्याला स्वतःचीच चिंता असते. संपल्यावर बाकावर बसून डायरीत लिही : सुरुवातीला किती, मध्ये किती, शेवटी किती. ते पान गुरुवारी मॅडमसमोर ठेव.

आई-बाबांना नमस्कार, सईला पापा.

तुझी,
ताई