पुढचं नाव

प्रिय ताई,


काल फोनवर तू म्हणालीस, कोथरूडच्या आजी गेल्या, त्यांच्याकडे आपल्या स्वयंसेवक गटातर्फे शनिवारी जाणारा मुलगा आता मोकळा झाला, त्याला कर्वेनगरचे आजोबा देते. आजोबा कधीपासून कुणाची तरी वाट बघताहेत, हे मला ठाऊक आहे. तरीही सांगते, त्या मुलाला लगेच पुढचं नाव देऊ नकोस.

आजींच्या घरच्यांना तेराव्यापर्यंतचे दिवस मिळतील. माणसं येतील, शेजारी डबे पाठवतील, आजींच्या गोष्टी निघतील. या मुलाला सुतक नाही. त्यानं आजींना पेपर वाचून दाखवला, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेलं, परदेशातल्या लेकीचा व्हिडिओ कॉल लावून दिला. सोमवारी ऑफिसात त्याचा चेहरा बघून कुणी विचारलं, ‘कोण होत्या तुझ्या?’, तर तो काय सांगणार? नातं नाही, म्हणून रजा नाही. आणि रडायलाही चोरी.

असं मनात साचलं की माणूस आतून थकतो. ‘बर्नआउट’ म्हटलं की आपल्याला आयटीतली पोरं आठवतात. पण १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं त्यावर लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणारी माणसं बघून. त्यात स्वयंसेवक होते. जो जास्त जीव लावतो, त्यालाच धोका जास्त, हे त्यानं तेव्हाच ओळखलं होतं. आपण मात्र अशाच माणसाला ‘याला जमतं’ म्हणून आणखी एक घर देतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

हे वेगळ्या रीतीनंही करता येतं. केरळात उपशामक सेवेचं (पॅलिएटिव्ह केअरचं) काम १९९३पासून कोझिकोडला उभं राहिलं आणि पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांनी ते उचललं. तिथे स्वयंसेवकांना आधी प्रशिक्षण मिळतं, आणि आजाऱ्याच्या घरी नर्सबरोबर जायची पद्धत आहे. जिना उतरताना मनातलं बोलायला शेजारी कुणी असणं, हे फार मोठं आहे गं.

आपल्याकडे निदान महिन्यातून एकदा सगळ्यांनी बसावं. किती भेटी झाल्या, हे त्या दिवशी विचारू नकोस. काय जड गेलं, ते विचार. कुणी गप्प बसलं तर बसू दे. दुसरं, रात्रीच्या फोनचं. रात्री छातीत दुखलं तर आधी १०८, मग गटाचा नंबर, हे प्रत्येक घरी मोठ्या अक्षरात लिहून लावा. एकट्या पोराचा मोबाइल हा कुणाचा शेवटचा आधार असू नये. आणि रिक्षाचे पैसे गटानं द्यावेत. संकोचापायी कुणी मागत नाही.

त्या मुलाला आज तूच फोन कर. कामाचं काही काढू नकोस, आजींबद्दल बोलू दे त्याला. तेराव्याला जावंसं वाटलं तर तूही बरोबर जा. कर्वेनगरला सध्या आपण दोघी आळीपाळीनं जाऊ. या रविवारी मी जाते. पत्ता पाठव, आणि आजोबांना चहा बिनसाखरेचा लागतो का, तेही कळव.

तुझी,
धाकटी