गाबोळीतली शिदोरी

कोलकात्याच्या एस्प्लनेडपासून काही मिनिटांच्या अंतरावर १८७४ साली सुरू झालेला न्यू मार्केटचा बाजार आहे. पावसाळ्यात तेथे रोहूचे पोट चिरले, की दाणेदार गाबोळी बाहेर येते आणि गिऱ्हाईक तिचा भाव विचारते. त्या प्रत्येक दाण्यात एका आईने बांधून ठेवलेली शिदोरी असते.

गंमत अशी, की या शिदोरीतील मुख्य प्रथिन अंड्यात बनतच नाही. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने मादीच्या यकृतात व्हायटेलोजेनिन तयार होते. रक्तावाटे ते वाढत्या अंड्यात पोहोचते आणि तेथे त्याचे तुकडे होतात: मेद वाहणारे लायपोव्हायटेलिन, फॉस्फरसयुक्त फॉस्व्हिटिन.

फलनानंतर शिदोरी उघडते. विकरे पीतकातील प्रथिने तोडतात आणि अमिनो आम्ले मोकळी होतात. त्यांतली काही ऊर्जेसाठी खर्ची पडतात, तर काहींतून भ्रूण स्वतःची प्रथिने घडवतो. आरंभीचा कारभार आईने ठेवलेल्या आरएनएवर चालतो. काही तासांत भ्रूणाची जनुके जागी होतात. स्नायूंची प्रथिने दिसू लागतात आणि शेवटी अंड्याचे कवच विरघळवणारे विकर स्रवते. पीतक घटते, तसतसा मासा घडतो. उबदार पाण्यात रोहूचे पिल्लू एका दिवसाच्या आत बाहेर येते. त्यानंतरही सुमारे ३ दिवस ते पोटाशी उरलेल्या पीतकावरच जगते.

रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून अंडी मिळवण्यात यश आले. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

परंतु टोचलेला अर्क अंडी मोकळी करतो. ती भरण्याचे काम त्याआधीच्या महिन्यांत मादीच्या आहाराने झालेले असते. मादी अर्धपोटी राहिली, तर पिल्ले निघतात आणि पीतक सरताच मरू लागतात. मत्स्यबीज केंद्र चालवणाऱ्या छोट्या शेतकऱ्याचा हंगाम त्या ३ दिवसांत बुडतो, आणि दोष पाण्याला दिला जातो. चूक मात्र उन्हाळ्यातच झालेली असते, मादीच्या खुराकात हात आखडता घेतला तेव्हा.