सगळे फोल्डर पिवळे

२०२४च्या दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा अण्णांसाठी नवा लॅपटॉप नेला होता. त्यांचा जुना असेंबल्ड पीसी म्हणजे एक्सपीवर चालणारं, इंटरनेटला न जोडलेलं, पंख्याचा घरघराट करणारं पुराणपुरुष. किती वर्षं चालणार? तर मी ऐटीत एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली, अण्णांचा सगळा डेटा कॉपी केला, डेस्कटॉपवर ठेवला आणि म्हटलं, "बसा अण्णा, सगळं जिथल्या तिथं आहे."

अण्णा बसले. चष्मा पुसला, मान थोडी उजवीकडे वळवून (ती का, ते पुढे सांगतो) स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, नकाशा कुठं गेला?"

बघतो तर सगळे फोल्डर पिवळे. एकसारखे. नावं होती, फाइली होत्या, एक बाइटसुद्धा हरवली नव्हती. पण अण्णांच्या दृष्टीने मी त्यांचं सगळं घर पुसून टाकलं होतं.

हे समजायला जरा मागं जावं लागेल.

ऑक्टोबर २००९. मी तेव्हा न्यू जर्सीत ऑनसाइट होतो. आईचा फोन आला की अण्णा सकाळी पेपर टाकणाऱ्या पोराशी भांडले. का, तर त्याने कानडी पेपर टाकला म्हणून. पेपर मराठीच होता, नेहमीचाच. आईने तोच पुन्हा हातात दिला तर म्हणाले, "ही कुठली लिपी?" संध्याकाळपर्यंत एमआरआय झाला. डोक्याच्या मागच्या बाजूला, डावीकडे, रक्तपुरवठा तुटला होता.

बोलणं व्यवस्थित, हातपाय व्यवस्थित, माणसं ओळखत होते. फक्त वाचता येत नव्हतं. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) लिहिता येत होतं! डॉक्टरांनी नाव-पत्ता लिहायला सांगितला, तो अण्णांनी त्यांच्या त्या रेखीव अक्षरात लिहिला. पाच मिनिटांनी तोच कागद समोर धरला तर त्यांना एक शब्द वाचता येईना. १८९२ साली देजेरिन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी असाच रुग्ण सविस्तर नोंदवून ठेवला आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा शाबूत, प्रोग्रॅम शाबूत, मधली केबल तुटलेली. डाव्या बाजूचा बघणारा भाग गेला, उजवा बघतो. पण त्याने बघितलेलं डावीकडच्या भाषेच्या केंद्रापर्यंत पोचवणारी वाटही गेली. त्यामुळे अक्षर दिसतं, पण दिसतं ते चित्र म्हणून. शिवाय दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं अर्धं जग दिसत नाही. म्हणून ती मान वळवणं.

मी तीन आठवड्यांची रजा काढून आलो. आता घरात आलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर काय करणार? वडिलांना बरं करता येत नाही, पण त्यांचा पीसी तर आपल्या हातातला आहे ना! निवृत्तीनंतर अण्णांचा निम्मा दिवस त्या पीसीवर जायचा. नाट्यगीतांच्या नि ख्यालांच्या एमपीथ्री, फोटो, पेन्शनची स्कॅन केलेली कागदपत्रं. आणि आता समोर चाळीसेक पिवळे फोल्डर, खाली न वाचता येणाऱ्या रेघोट्या. तळहातावर बोटाने अक्षर गिरवून ते एकेक अक्षर ओळखायचे. 'गाणी' उघडायला एक मिनिट.

फोल्डरचे आयकॉन बदलणं हा प्रकार मला तोवर पोरकट वाटायचा. हॉस्टेलवर एकाने प्रत्येक फोल्डरला वेगवेगळ्या सुपरहिरोचं तोंड लावलं होतं, त्याला आम्ही छळायचो. पण मुळात यंत्रणा साधी आहे. फोल्डरच्या पोटात डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाची एक लपलेली चार ओळींची फाइल असते, त्यात लिहिलेलं असतं की या फोल्डरचं चित्र अमुक ठिकाणच्या अमुक फाइलमधून घ्या. फोल्डरवर रीड-ओन्ली किंवा सिस्टिम असा शिक्का असला तरच विंडोज ती फाइल वाचायच्या भानगडीत पडतं. एक्सपीत प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, चेंज आयकॉन असं करत जाता यायचं. चाळीस फोल्डरांना ते कंटाळवाणं, म्हणून राइट-क्लिकवर काम करणारी छोटी युटिलिटी शोधली. पहिली जी डाउनलोड केली तिने आयकॉन बदलायच्या आधी ब्राउझरचं होमपेज बदललं आणि वर एक टूलबार चिकटवला. तिचं नाव घेत नाही. दुसरी बरी निघाली.

मग मी नेटवरून चकचकीत आयकॉनचा एक संच उतरवला. त्या काळी फॅशनच होती, सगळं काचेचं नि जेलीचं. गाण्यांना संगीताची खूण, फोटोंना कॅमेरा, कागदपत्रांना कागद. अण्णांना अभिमानाने दाखवलं.

"ही उलटी पळी काय आहे?"

"अण्णा, ते म्युझिकचं चिन्ह आहे."

"कुणाच्या म्युझिकचं? आणि एवढी चकाकी कशाला मारलीय? काठच कळेना."

मी सांगायचं विसरलो, अण्णा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. चौतीस वर्षं ट्रेसिंग पेपरवर कालवे, चाऱ्या, पाणलोट क्षेत्रं काढली. मी ज्या माणसाला चिन्हं शिकवायला निघालो होतो त्याचा जन्म चिन्हं काढण्यात गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्राफ पेपर मागितला. "तुझ्या चित्रात किती घरं असतात?" म्हटलं, बत्तीस गुणिले बत्तीस. त्यांनी तेवढा चौकोन आखला आणि शिसपेन्सिलीने घरं भरायला लागले. मला नंतर कळलं की सुझन केअरने पहिल्या मॅकिंटॉशचे आयकॉन (तो १९८४ साली आला) असेच आखीव वहीत, एक घर म्हणजे एक पिक्सेल धरून, काढले होते. आणि मॅकच्या कमांड बटणावरचं ते फुलासारखं चिन्ह तिने उचललं ते स्वीडनमधल्या कॅम्पिंगच्या जागी वापरल्या जाणाऱ्या, 'इथे बघण्यासारखं काही आहे' अशा अर्थाच्या खुणेवरून. म्हणजे नकाशा तिथंही आडवा आलाच.

अण्णांनी पहिलं चित्र काढलं ते पेन्शनचं. धरण. "महिन्यातून एकदा दार उघडतं," म्हणाले. बँकेला विहीर. गाण्यांच्या आतल्या फोल्डरांवर त्यांनी दोन दिवस घालवले. अब्दुल करीम खाँना दर्गा, कारण ते मिरजेचे आणि तिथल्याच दर्ग्यात चिरविश्रांती घेत आहेत. आमच्या घरापासून किती लांब ते! कुमार गंधर्वांना टेकडी, एकात एक तीन समोच्च रेषा, देवासची म्हणून. भीमसेन जोशींना रेल्वेमार्ग. गुरू शोधायला पोरवयात गदगहून आगगाडीने पळाले ना, म्हणून. मी म्हटलं, अण्णा हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार? तर म्हणाले, "मग संगणक कुणाचा आहे?"

खरी फजिती झाली ती पुढेच. आयकॉनच्या एकाच फाइलमध्ये त्याच चित्राची वेगवेगळ्या मापांची रूपं ठेवता येतात. एक्सपीत सोळा, बत्तीस आणि अठ्ठेचाळीस. मी शहाण्यासारखं बत्तीसचं चित्र एडिटरमधून सोळाला आकसवलं आणि टेकडीचा झाला चिखल. अण्णांनी बघितलं आणि हसलेच. "अरे, प्रमाण बदललं की चिन्ह लहान नाही करायचं, परत काढायचं. पन्नास हजाराच्या नकाशात वाडी दिसते, अडीच लाखाच्या नकाशात ती सोडून द्यावी लागते. काय सोडायचं ते ठरवणं हेच तर काम." आणि सोळा घरांच्या चौकोनात त्यांनी तीनऐवजी एकच समोच्च रेषा काढली, मध्ये एक टिंब. लख्ख टेकडी. तेव्हा मला नोकरीला पाच वर्षं झाली होती, स्क्रीन डिझाइनच्या दोन ट्रेनिंगांची सर्टिफिकेटं होती. असो.

(मध्येच एकदा नवं चित्र लावूनही स्क्रीनवर जुनंच दिसत राहिलं. विंडोज आयकॉन एका कॅशमध्ये साठवून ठेवतं, ती फाइल उडवून सगळं परत सुरू करावं लागतं. अण्णांना समजावलं तर खूश झाले. "म्हणजे यालाही एकदा बसलेलं जाता जात नाही.")

मग रंग. या आजारात काही जणांची रंगांची नावंही जातात, अण्णांची गेली होती. निळी पेन्सिल दाखवून विचारलं तर गोंधळायचे, पण पाणी काढायला घेताना बरोब्बर तीच उचलायचे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर बारमाही पाणी निळं असतं आणि कोरडे पडणारे ओढे काळे. अण्णांनी तोच नियम लावला. ज्या फोल्डरमध्ये अजून भर पडतेय त्याच्या चिन्हाखाली निळी रेघ, ज्यात आता काही येणार नाही त्याला काळी. निळा, काळा हे शब्द त्यांना सापडत नव्हते म्हणून ते म्हणायचे वाहती आणि कोरडी. मी शेजारी बसून, ते सांगतील तशी रेघ देत होतो. पेन्शन, वाहती. ऑफिसचे जुने फोटो, कोरडी. भाचीचं लग्न, कोरडी.

मग आला 'अमेरिका' नावाचा फोल्डर. माझा. २००७ साली गेलो तेव्हा दर रविवारी फोटो पाठवायचो. पहिला बर्फ, पहिली गाडी, भाड्याच्या घरातला ओटासुद्धा. आई ते शेजारच्या कॅफेतून सीडीवर आणायची आणि अण्णा कॉपी करायचे.

"कोरडी," अण्णा म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट दिसलं नसेल. म्हटलं, अण्णा, हा माझा आहे.

"माहितीये. गेल्या पावसाळ्यानंतर पाणी आलं नाही त्यात."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. टोपोशीट करताना ओढ्याला काय असतं ते लिहायचं, तसं. मी काळी रेघ दिली आणि पुढच्या फोल्डरवर गेलो. परत गेल्यावर काही महिने फोटो पाठवले, मग पुन्हा राहिले. २०११ला मी पुण्यात परत आलो. त्याचं कारण तो फोल्डर होता असं म्हणणं खोटं ठरेल. प्रोजेक्ट संपलं होतं, व्हिसाचीही कटकट होती. पण विमानात तो आठवला हे खरं.

तर २०२४मधले ते पिवळे फोल्डर. चूक माझीच. २००९ साली मी सगळे आयकॉन एका वेगळ्या ड्राइव्हवर एकत्र ठेवले होते आणि प्रत्येक डेस्कटॉप डॉट आयएनआयमध्ये तिथला अख्खा पत्ता घातला होता. डेटा आणला, चित्रांचा फोल्डर आणला नाही. नव्या लॅपटॉपवर तो ड्राइव्हच नव्हता, मग विंडोजने मुकाट्याने आपला पिवळा लावला. एररसुद्धा नाही. जुना पीसी परत जोडला, आयकॉन काढले, पायथनमध्ये वीस ओळी खरडून प्रत्येक आयकॉन त्याच्या त्याच्या फोल्डरच्या आतच ठेवला आणि पत्त्याऐवजी नुसतं फाइलचं नाव लिहिलं. आता फोल्डर कुठंही न्या, चित्र बरोबर जाईल. एवढी अक्कल तेव्हा असती तर?

नव्या स्क्रीनवर चित्रं मोठी केली तर घरं घरं दिसायला लागली. विंडोज आता दोनशे छप्पनपर्यंतचं माप मागतं, आमची अठ्ठेचाळीसला संपतात. मी म्हटलं, गुळगुळीत करून देतो. अण्णा म्हणाले, "राहू दे, ग्राफ पेपर दिसतो." एकेका चिन्हावर बोट ठेवत गेले. धरण, विहीर, दर्गा, टेकडी. मान उजवीकडे वळवून शेवटच्या रांगेपर्यंत.

'अमेरिका' फोल्डरला मी तेवढ्यात, त्यांना न विचारता, निळी रेघ देऊन टाकली होती. त्यावर बोट थांबलं.

"हे कुणी केलं?"

"मी. आता आलोय ना परत, म्हणून."

"ती तिकडची नदी. ती कोरडीच आहे, तशीच ठेव." मी परत काळी केली. मग त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला, नवा फोल्डर उघडायला सांगितला आणि त्याला स्वतः नाव टाइप केलं, एका बोटाने, पण न चुकता. माझ्या मुलीचं नाव. टाइप करून झाल्यावर त्या अक्षरांकडे बघून मला म्हणाले, "काय लिहिलंय वाच बरं."

मी वाचून दाखवलं. ते ग्राफ पेपर शोधायला उठले.